वसंत सरता सरता शेनान्डोआ: फुलं थोडी, नेचे फार

कोवळं_ऊन

मे संपत आला की आमच्या व्हर्जिनियातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एकच सूर लागतो. ट्रिलियमची फुलं संपली, आता शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात जाऊन काय बघायचं? आता थेट ऑक्टोबरात, पानं रंगली की. मला हे मुळीच पटत नाही. मेचा शेवटचा आठवडा हा तिथे जायचा माझा सगळ्यात आवडता आठवडा, आणि तो फुलांपेक्षा नेच्यांमुळे, म्हणजे फर्नमुळे. म्हणून हा धागा.

आधी जंगलाचा हिशेब. इथली बहुतेक झाडं हिवाळ्यात पार निष्पर्ण होतात. वसंताच्या सुरुवातीला जमीन ऊबदार होते, पण ओक, मेपल, ट्युलिप पॉप्लर यांना पालवी फुटायची असते. तेवढे काही आठवडे ऊन थेट जमिनीवर पडतं. ब्लडरूट, स्प्रिंग ब्यूटी, ट्रिलियम ही मंडळी त्या मुदतीत उगवून, फुलून, बी धरायच्या मागे लागतात. स्प्रिंग ब्यूटीचं तर उन्हाळ्यात जमिनीवर नामोनिशाण उरत नाही, खाली कंद तेवढा. मग वरचं पानांचं छत मिटतं, खाली सावली पडते आणि राज्य नेच्यांकडे जातं. मेअखेरीला हा खांदेपालट आपल्या डोळ्यांदेखत चाललेला असतो.

त्यात उंचीची भर. उद्यानाचा पायथा साधारण ५५० फुटांवर आणि हॉक्सबिल शिखर ४,०५१ फुटांवर. वसंत डोंगर चढतो तो दिवसाला सुमारे १०० फूट. अँड्र्यू हॉपकिन्स या कीटकशास्त्रज्ञाने १९१८ साली मांडलेला नियमही हाच: ४०० फुटांमागे ४ दिवस उशीर. म्हणजे पायथ्याशी जे एप्रिलअखेर आटोपलं ते ३,५०० फुटांवर मेच्या शेवटी अजून चालू. गाडी घेऊन उद्यानातला स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता चढायला लागलं की तासाभरात महिनाभर मागे जाता येतं.

आई साताऱ्याहून आली आहे आणि तिचे गुडघे कुरकुरतात, म्हणून यंदा लिम्बरलॉस्टची वाट धरली. स्कायलाइन ड्राइव्हवर मैल ४३ च्या खुणेजवळ आहे. १.३ मैलांचा सपाट फेरा, वर बारीक खडी दाबून बसवलेली, व्हीलचेअर आरामात जाते. जागोजाग बाकं. एकेकाळी ही जागा हेमलॉकच्या जुन्या अवाढव्य झाडांसाठी प्रसिद्ध होती. आशियातून आलेल्या, आपल्या माव्याच्या जातकुळीतल्या एका किड्याने ती संपवली. जिथे ती पडली तिथे उजेड झाला आणि त्या उजेडात आता नेचे माजले आहेत.

फुलं थोडक्यात सांगते. जांभळट जंगली जिरेनियम भरपूर. रस्त्याकडेच्या खडकात लाल-पिवळी कोलंबाइन, मान खाली घातलेली. मध पाकळ्यांच्या लांब नळ्यांच्या टोकाला, तिथे हमिंगबर्डची चोच बरोबर पोचते. गुलाबी अझेलिया. ट्रिलियमच्या दोनचार उशिरा आलेल्या, पांढऱ्याच्या गुलाबी होत आलेल्या पाकळ्या. एक लेडीज स्लिपर ऑर्किड. आणि जॅक-इन-द-पल्पिट, ज्यापाशी आई थबकली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला सापकांदा!" अगदी तोच नाही, पण कुळ आणि प्रजाती तीच, अरिसीमा. महाबळेश्वरला पहिल्या पावसात पांढरा फणा काढतो तो याचा सख्खा भाऊ. इथला हिरवा, आतून तपकिरी पट्ट्यांचा.

आता नेचे. चार ओळखता आले तरी अर्धं जंगल ओळखीचं होतं.

ख्रिसमस फर्न बारमाही हिरवा, पानं जाड. प्रत्येक पर्णिकेला, म्हणजे पानाच्या छोट्या भागाला, बुडाशी एक कान असतो. बीजाणू (नेच्याचे बीसारखे बारीक कण) फक्त टोकाकडच्या आखडलेल्या पर्णिकांवर. इंटरप्टेड फर्नचं पान कंबरेएवढं उंच, खाली हिरवं, वर हिरवं आणि मधल्या काही पर्णिका तपकिरी, सुकल्यासारख्या. रोग पडला असं वाटतं, पण तिथेच बीजाणू असतात. जूनमध्ये त्या गळून जातात आणि मधे नुसता दांडा राहतो. हे-सेंटेड फर्नची जाजमंच्या जाजमं, पान चुरगळलं की वाळल्या गवताचा वास. आणि मेडनहेअर: काळाभोर चकचकीत देठ, वर दोन फाटे होऊन नालासारखा वळलेला, त्यावर आडव्या पसरलेल्या पर्णिका. पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून जातात, पान कोरडंच. आपल्या हंसराजाचा हा अमेरिकेतला नातेवाईक.

तुमच्याकडे वसंताच्या शेवटी काय दिसतं? लिहा.

---

निवांत_पाटील

छान लिहिलंय. पण फोटो? एकही नाही?

---

कोवळं_ऊन

पाटील, टाकले होते पण साइझ जास्त म्हणून चढले नाहीत. घरी गेल्यावर बघते.

---

दुपारची_झोप

तपकिरी भागवाला तो सिनॅमन फर्न ना? आमच्या न्यू जर्सीत दलदलीच्या कडेला हाच असतो. मी तरी सिनॅमनच म्हणत आले.

---

कोवळं_ऊन

तुम्ही म्हणता तो सिनॅमनच असणार, दलदल त्याची आवडती जागा. पण हा वेगळा. सिनॅमनमध्ये बीजाणूंचा दांडा स्वतंत्र उभा राहतो, दालचिनीच्या रंगाचा, त्याला हिरवं काही नसतंच. इंटरप्टेडमध्ये एकाच पानात हिरवं-तपकिरी-हिरवं. बीजाणू नसलेलं पान असेल तर उलटं करून पर्णिकेच्या बुडाशी बघा. लोकरीसारखा तपकिरी पुंजका असेल तर सिनॅमन. उलटं करा म्हणजे हाताने हळूच, तोडून नाही :)

---

वनस्पती_मास्तर

कोल्हापूरहून वाचतोय. कॉलेजात शिकवून निवृत्त झालो, पण नेच्यांचा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

ताई, तुमच्या त्या इंटरप्टेड फर्नचं शास्त्रीय नाव ऑस्मुंडा क्लेटोनियाना. हा क्लेटन म्हणजे तुमच्याच व्हर्जिनियाचा. अठराव्या शतकात ग्लॉस्टर काउंटीच्या कोर्टात कारकुनी करायचा आणि उरलेल्या वेळात झाडं गोळा करून हॉलंडला पाठवायचा. त्या नमुन्यांवरून शास्त्रीय नावांची पद्धत बसवणाऱ्या लिनीयसने पुढे कितीतरी नावं दिली. तुम्ही वर स्प्रिंग ब्यूटी लिहिलंय, तिची प्रजाती क्लेटोनिया, तीही त्याच्याच नावाने. आणि ऑस्मुंडाचं घराणं किती जुनं? अंटार्क्टिकातल्या ट्रायासिक काळाच्या खडकात, म्हणजे २० कोटी वर्षांहून जुन्या, जवळजवळ अस्सेच मधे खंड पडलेले पान मिळाले आहे. स्वीडनमध्ये याच कुळातल्या ज्युरासिक नेच्याच्या खोडात पेशींची केंद्रकं आणि गुणसूत्रंसुद्धा शाबूत सापडली, २०१४ साली प्रसिद्ध झालं. डायनासोर आले, गेले, याने फॅशन बदलली नाही.

बीजाणू बघायचे तर घरी सोपा प्रयोग आहे. कुंडीतल्या नेच्याचं, मागे तपकिरी ठिपके आलेलं पान पांढऱ्या कागदावर पालथं ठेवा, वर वही ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर पानाची नक्षी उमटलेली. भिंग असेल तर त्याहून मोठी करमणूक आहे. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंच्या बारीक पिशव्यांचा पुंजका. पिशवीला एका बाजूने जाड पेशींचं कडं असतं. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, कडं मागे ताणत जातं, पिशवी फाटते, आणि ताण असह्य झाला की आत बुडबुडे फुटून कडं एका झटक्यात पुढे येतं. बीजाणू हवेत. गोफण म्हणा. (ऑस्मुंडाकडे मात्र असं नीट कडं नसतं, तिथे नुसता पेशींचा एक ठिगळासारखा पट्टा.)

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती पाठ असते, डोळ्यांनी कुणी पाहिलेली नसते. बीजाणूतून नेचा उगवत नाही. उगवतं ते नखाहून लहान, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं हिरवं पातळ पान, ओल्या मातीला चिकटलेलं. त्यावर नर आणि मादी अवयव. नरपेशी पाण्यातून पोहत मादीपर्यंत जाते, म्हणून नेच्याला ओल लागतेच. त्यातून मग आपण ओळखतो तो नेचा. हे दोन पिढ्यांचं चक्र विल्हेल्म हॉफमाइस्टरने १८५१ साली उलगडलं. गडी पुस्तकविक्रेता होता, विद्यापीठाची पदवी नव्हती. पुढच्या वेळी ओढ्याकाठच्या उघड्या मातीच्या कडेवर, नाक टेकेल इतक्या जवळून बघा. सापडेल.

---

निवांत_पाटील

मास्तर, कॉलेजात तुम्ही असता तर मी बॉटनी सोडून कॉमर्सला गेलो नसतो.

---

सह्यभटक्या

आमच्याकडे मेअखेर म्हणजे वसंत कधीच सरलेला. वैशाखवणवा आणि अधूनमधून वळीव. पण बघायला नाही असं नाही, फक्त मान वर करावी लागते. सीतेची वेणी हे झाडांवर वाढणारं ऑर्किड याच सुमारास फुलतं. आंब्याच्या, जांभळाच्या फांद्यांवरून गुलाबी ठिपक्यांचे पांढरे घोस लोंबत असतात. आंबोलीला किंवा महाबळेश्वरला गावातल्या जुन्या झाडांच्या रस्त्यांवरसुद्धा दिसते. वळीव दोनदा बरा पडला की जमिनीतून अमरकंदाचा दांडा वर येतो, पानांचा पत्ता नाही आणि फुलं हजर.

नेच्यांचं म्हणाल तर सगळे झोपलेले, पण झोपेत ओळखायची मजा वेगळीच. झाडावर आणि कातळावर बाशिंग नावाचा नेचा. त्याची हिरवी लांब पानं उन्हाळ्यात झडून जातात, पण बुडाची तपकिरी, ओकच्या पानासारखी दिसणारी पानं खोडाला घट्ट धरून असतात. ती कोवळी असताना थोडा काळच हिरवी असतात. त्यांचा उद्योग म्हणजे वरून पडणारा पालापाचोळा अडवायचा आणि त्याची माती करून मुळांना द्यायची. पावसाळ्यात त्यातूनच नवी पानं फुटतात. किल्ल्यांच्या तटात मयूरशिखा मिळेल. एरवी छोटासा पंखा उघडल्यासारखी, मेमध्ये मूठ आवळून बसलेली, मेली असं वाटावं. पहिल्या पावसानंतर परत तिथे जा.

हंसराज मात्र जुलैशिवाय दिसायचा नाही.

आणि तुमच्या त्या सापकांद्याबद्दल: आमच्याकडे फुलाचा फणा आधी येतो, पान मागाहून. तिकडे दोन्ही एकदम का?

---

कोवळं_ऊन

हो, इथे तीन पर्णिकांचं पान आणि त्याच्या सावलीत फणा, दोन्ही एकाच वेळी. पण त्याची खरी गंमत आईला सांगितली तेव्हा ती हसत सुटली. जॅक लिंग बदलतो. कंदात साठा कमी असेल त्या वर्षी नर, कंद पोसला की मादी, फळं धरून दमला की पुढच्या वर्षी पुन्हा नर. आत शिरणारी बारीक चिलटं परागकण नेतात. नराच्या फण्याला बुडाशी एक फट असते, तिथून चिलट निसटतं. मादीच्या फण्याला ती फट नाही. आत गेलेलं चिलट बहुतेक वेळा तिथेच मरतं. आईचा शेरा इथे लिहीत नाही.

---

खवय्या_नंबर१

हे सगळं ठीक, पण गुंडाळलेले कोंब खातात ना? इथे मेनमध्ये फिडलहेड म्हणून बाजारात मिळतात. लसूण-लाल मिरचीच्या फोडणीत छान लागत असतील. तुम्ही आणलेत का?

---

डोंगरउतार

डेहराडूनहून. आमच्याकडे पहाडी लोक लिंगडा म्हणून भाजी करतात. टोपलीत घेऊन बायका रस्त्यावर विकायला बसतात. लव पुसून, धुवून, उकळून, मग मोहरीच्या तेलात. लोणचंही घालतात. चव भेंडी आणि शतावरीच्या मधली कुठलीतरी.

---

वनस्पती_मास्तर

दोघांनाही सांगतो, कोंब दिसला की खुडला असं करू नका. लिंगडा ही डिप्लेझियम नावाच्या नेच्याची भाजी. मेनमधला तो ऑस्ट्रिच फर्न. त्याची खूण: देठाच्या आतल्या बाजूला इंग्रजी यू सारखी खोल खाच आणि कोंबावर कागदासारखे तपकिरी पापुद्रे. लोकरी लव असेल तर तो नाही. तोसुद्धा कच्चा किंवा अर्धवट परतून खाऊ नये. १९९४ साली न्यूयॉर्क आणि पश्चिम कॅनडात असे कमी शिजवलेले कोंब खाऊन बरीच माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली होती. १५ मिनिटं उकळायचं, ते पाणी फेकायचं, मग काय ती फोडणी. आणि ब्रॅकन नावाचा नेचा, जो महाबळेश्वरच्या पठारावरही आहे आणि तिकडेही, त्याच्या वाटेला जाऊच नका. त्यात कर्करोगाला कारण ठरणारं द्रव्य असतं. गुरांनाही बाधतो.

---

कोवळं_ऊन

आणि राष्ट्रीय उद्यानातून झाडं उपटणं, फुलं-पानं तोडणं बंद आहे, त्यामुळे आणायचा प्रश्नच नाही. खवय्या, मेनच्या बाजारातूनच घ्या.

---

लेन्सवाला_मंग्या

लेडीज स्लिपर नक्की कुठे दिसलं? मॅक्रो लेन्स नवीन घेतली आहे. पुढच्या शनिवारी जायचा विचार आहे. लोकेशनचा पिन टाकाल का?

---

कोवळं_ऊन

नाही टाकणार, राग मानू नका. हे ऑर्किड लोक उपटून नेतात, आणि नेलेलं जवळजवळ नक्की मरतं. मातीत ठरावीक बुरशी असेल तरच ते जगतं, बी सुद्धा त्या बुरशीशिवाय रुजत नाही. मध नाही, नुसता गुलाबी फुगा आणि वास. भुंगी फटीतून आत शिरते, परतीची वाट मागच्या अरुंद भोकातून, तिथे परागकण पाठीला चिकटतात. एकदा फसलेली भुंगी दुसऱ्या फुलात सहसा शिरत नाही, म्हणून फळ धरण्याचं प्रमाण फारच कमी. असं झाड एकेक करून गेलं तर परत भरून येत नाही. पाइन आणि ओकखालच्या आम्लधर्मी, कोरड्या जमिनीवर शोधा, वाटेवरूनच दिसेल. सापडलं की तुमचाही पिन तुमच्यापाशीच ठेवा.

---

लेन्सवाला_मंग्या

पटलं. पण मग आयनॅचरलिस्टवर (निसर्गाच्या नोंदी करायचं अ‍ॅप) टाकलं तरी तेच नाही का होणार?

---

दुपारची_झोप

तिथे जागा लपवायची सोय आहे. टाकताना लोकेशन अस्पष्ट ठेवा. बाकी त्या अ‍ॅपने सांगितलेलं नेच्यांचं नाव वेदवाक्य समजू नका. पानाचा वरून एक फोटो काढला की ते काहीही सांगतं. पानाची मागची बाजू, देठाचं बूड आणि अख्खं झाड, तिन्ही द्या.

---

गोचीडमार

सगळे फुलांच्या नादात आहात, पायाखालचं कुणी लिहिलं नाही. मेरीलँडवाला आहे, अनुभवाने सांगतो.

एक, पॉयझन आयव्ही. तीन पर्णिका, मधलीला लांब देठ, बाजूच्या दोन जवळजवळ बिनदेठाच्या. आता ट्रिलियमचीही तीन, जॅकचीही तीन, म्हणून घोळ होतो. ट्रिलियमची तीन पानं एका बिंदूतून, एकसारखी, जॅकचं दांडं सरळ जमिनीतून येतं. आयव्हीला लाकडासारखी वेल असते, झाडावर चढते तेव्हा तिला केसाळ मुळं फुटतात. तिच्यातलं तेल आपल्या बिब्ब्याच्या चिकाच्या जातीचं. कुळ एकच: आंबा, काजू, बिब्बा आणि ही बया. ज्यांना लहानपणी बिब्बा उतला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. अंगाला लागलं तर लगेच साबणाने धुवा, आणि बूट-कपडेही धुवा, तेल त्यांवर टिकून राहतं.

दोन, गोचीड. मे-जूनमध्ये हरणांवरच्या गोचिडीची पिल्लं खसखशीएवढी असतात, दिसत नाहीत. लाइम रोग मुख्यतः त्यांच्यामुळेच. फिकट पँट, पायमोजात खोचलेली. नेच्यांच्या जाजमात बसून फोटो काढणाऱ्यांनी घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघावं. मास्तरांचं नाक टेकवणं मला तरी झेपणार नाही.

---

वनस्पती_मास्तर

गोचीडमार, मान्य. कोल्हापुरात बसून सल्ला देणं सोपं.

---

सह्यभटक्या

तो हे-सेंटेड फर्न. जाजमंच्या जाजमं म्हणता, एवढा एकच एक का माजतो? इकडे एखादी वनस्पती अशी सुटली की आम्हाला आधी शंका येते.

---

कोवळं_ऊन

शंका बरोबर आहे, आणि हेच मला या धाग्यात लिहायचं राहिलं होतं. ते दृश्य इतकं देखणं असतं की लोक तिथे लग्नाचे फोटो काढतात. पण ते निरोगी जंगल नाही. शेपटी पांढरी असलेली ती हरणं फार झाली आहेत. त्यांना लांडगे, प्यूमा खायचे, ते इथून कधीच गेले. हरीण ट्रिलियम आवडीने खातं, ओकची रोपटी खातं, लेडीज स्लिपर खातं, आणि हे-सेंटेडला तोंड लावत नाही. उरतं ते नेच्याला मोकळं रान. त्याची मुळं जमिनीखालून आडवी पसरतात, वर दाट सावली, खाली ओकचं बी रुजलं तरी उजेडावाचून मरतं. म्हणजे आज म्हातारा ओक पडला तर त्याच्या जागी उद्या ओक नाही, नेचाच.

ट्रिलियमला तर सावरायला वेळच मिळत नाही. बी मुंग्या नेतात, बीला चिकटलेल्या तेलकट खाऊसाठी, तेही जेमतेम काही फुटांवर. रोपाला पहिलं फूल यायला सात किंवा जास्त वर्षं. हरणाने किंवा पोराने फूल खुडलं की तिन्ही पानंही जातात, कारण ती फुलाच्या खालीच असतात, आणि कंदाची वर्षभराची शिदोरी गेली. म्हणून मी नेच्यांवर खूश आहे असं म्हणते तेव्हा सगळ्या नेच्यांवर नाही. मेडनहेअर, ख्रिसमस, इंटरप्टेड एकत्र, मधूनमधून रोपटी, मधूनमधून जॅक असं मिसळलेलं दिसलं तर तो तुकडा चांगला.

---

दुपारची_झोप

हे माहीत नव्हतं. आमच्या इथलं रान आता वेगळ्या नजरेने बघावं लागणार. प्रत्येक ठिकाणी हेच एक हिरवं जाजम.

बरं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं येतोय, सासूबाईही आहेत. तेव्हा लिम्बरलॉस्टला काही असेल का?

---

कोवळं_ऊन

असेल की. माउंटन लॉरेल तेव्हा बहरात असतं, लिम्बरलॉस्टला त्यासाठीच लोक जातात. पांढऱ्या-गुलाबी वाट्या, आतले पुंकेसर वाकवून खिशात अडकवलेले, भुंगी बसली की सुटून उसळतात. काडीने हळूच शिवून सासूबाईंना दाखवा. सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. जेवण बरोबर घ्या, आणि सासूबाईंना पूर्ण पायघोळ काही घालायला सांगा, गोचीडमारांनी लिहिलंय ते खरं आहे.

---

निवांत_पाटील

फोटो अजूनही नाहीत.